दातात धरलेलं मंगळसूत्र

मी आयुष्यभर बायकांना मंगळसूत्र दातात धरायला लावलं आणि त्याचा पगार घेतला. आधी अकोल्याला, मग लग्नानंतर अमरावतीला, एका खाजगी एक्स-रे सेंटरमध्ये. वऱ्हाडात एक्स-रे कोणी म्हणत नाही, फोटो म्हणतात. "छातीचा फोटो काढाचा हाये" असं म्हणत लोक येतात आणि काही जण आत येताना केसांवरून कंगवाही फिरवतात.

छातीच्या फोटोला गळ्यात धातू चालत नाही. सोनं, पितळ, सेफ्टीपिन, हूक, सगळं पांढरं उमटतं आणि नेमकं फुप्फुसावर येऊन बसतं. म्हणून मी सांगायची, "मंगळसूत्र काढून ठेवा." की समोरची बाई अशी बघायची, जणू मी तिच्या नवऱ्याच्या जिवावर उठले आहे. पाच मिनिटांपूर्वी बाहेरच्या बाकावर जिच्या तोंडून त्या नवऱ्याचा उद्धार चाललेला मी स्वतः ऐकला, तीच बाई. मग आमच्या धंद्यातली तडजोड ठरलेली. काढू नका, वर ओढा आणि दातात धरा. हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे, छाती प्लेटला चिकटलेली आणि दातात नवऱ्याचं आयुष्य. श्वास घ्या. रोखा. झालं, सोडा. शिकलेल्या, न शिकलेल्या, प्राध्यापिका, मजुरीवाल्या, सगळ्या तशाच उभ्या राहिल्या. नवऱ्यांचं त्यामुळे काय भलं झालं ते मला माहीत नाही.

या अंकाच्या संपादकबाईंनी मला 'सेवेतले भारावलेले क्षण' लिहायला सांगितलं होतं. भारावण्याचा माझा स्वभाव नाही. ज्या लोकांच्या छातीत काय आहे ते मी बघत आले, ते तोंडानं काय सांगतात तेही मी ऐकत आले, आणि दोन्हींचा मेळ क्वचितच बसला. तेव्हा मी एका पोरीच्या परदेशी जाण्याची गोष्ट सांगते. तिच्या उजव्या फुप्फुसावर एक डाग होता आणि त्या डागाची किंमत दुसरीच बाई भरत होती.

पण आधी त्या धंद्याची थोडी ओळख करून द्यायला हवी.

शेतीचं बिनसलं, कापसाला भाव राहिला नाही, तेव्हापासून आमच्याकडची पोरं बाहेर जायला लागली. कोणी पुण्याला, कोणी सुरतेला आणि ज्याला एजंट भेटला तो आखातात. आखाती देशांची तब्येतीची तपासणी मोठ्या शहरात, त्यांनी नेमलेल्या ठिकाणी होते. तिथे नापास झालं की नाव कायमचं लाल होतं, अशी एजंटांनी दहशत घातलेली. म्हणून आधी गुपचूप आमच्याकडे येऊन रंगीत तालीम करायची. फोटो चांगला निघाला तर पुढे जायचं, नाही निघाला तर गावात सांगायचं, "पगार कमी देऊन राहिले, म्हणून गेलो नाई."

एक नवरदेव हळद लागलेल्या अंगानं आला होता. जायच्या आधी लग्न उरकून टाकू, असं घरच्यांनी ठरवलेलं. पिवळाधमक, हातात लिंबू खोचलेली कट्यार. कट्यार खाली ठेवायला तयार नाही, म्हणे अक्षता पडेपर्यंत हातातून सोडायची नसते. आमच्या डॉक्टरांना आधी वाटलं कावीळ आहे. मी त्याच्या मामाला शिशाचा एप्रन घालून शेजारी उभं केलं आणि कट्यारीचा हात त्याला बाजूला ओढून धरायला लावला. मामा नंतर तो एप्रन घरी नेऊ का विचारत होता.

पातूरकडचे दोघे भाऊ आले होते. मी बाहेर येऊन पुकारलं, "ज्ञानेश्वर." कोणी उठेना. पुन्हा पुकारलं. शेवटी एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं, "अबे, आज तूच हायेस न थो." मोठ्याच्या छातीत खोट होती, म्हणून धाकट्याची छाती आणली होती. मी दोघांचेही फोटो काढले आणि ज्याचा त्याच्या हातात दिला. मोठ्याला म्हटलं, तिकडे गेल्यावर रोज सकाळी भावाचं फुप्फुस उसनं मागवशील का? तो गंभीरपणे विचार करायला लागला.

या सगळ्यांत एक सलीमभाई मात्र वेगळे. बाळापूरचे शिंपी. गळ्यात तावीज. म्हणाले, "बाई, ये अम्मीने बांधा है, निघत नाई. तुमची मशीन तावीजच्या आरपार पाहत नाई का?" मी म्हटलं, नाही पाहत. "मंग काय कामाची?" असं म्हणून त्यांनी तावीज गळ्यातून काढून मनगटाला बांधला आणि मी न विचारता सांगून टाकलं, "टीबी हो गया था मेरे को. पूरा कोर्स किया. कागद हाये सगळे." फोटोत जुन्या व्रणाची रेघ दिसत होती. आखातवाल्यांनी त्यांना घेतलं नाही. बरा झालेला माणूसही त्यांना चालत नव्हता. सलीमभाई परतले आणि बाळापुरात पुन्हा मशीनवर बसले. खरं बोलून नुकसान झालेला माणूस मी तो एक पाहिला. लपवून नुकसान करून घेतलेल्यांची मात्र रांग होती, आणि प्रत्येकाला आपण फार हुशार आहोत असं वाटत होतं.

आता त्या पोरीकडे येते. माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं.

मयुरी शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बागायतदाराची मुलगी. तिशीला टेकलेली, पदवीधर, अमरावतीत एका दुकानात हिशेब बघायची. सोबत तिची आई. आईच्या अंगावर लग्नाला नेसावी तशी साडी होती आणि चेहऱ्यावर सोडत जिंकल्याचा आनंद. खरोखरच सोडत होती. ऑस्ट्रेलियाचा एक नवीन व्हिसा निघाला आहे. तरुण मुलामुलींनी वर्षभर तिकडे जायचं, फिरायचं आणि फिरण्याच्या खर्चासाठी मिळेल ते काम करायचं. मागणारे फार, जागा थोड्या, म्हणून चिठ्ठ्या काढतात. मयुरीची चिठ्ठी निघाली होती.

"हॉलिडे व्हिसा हाये, मॅडम," आई म्हणाली. हॉलिडे हा शब्द तिनं बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा उच्चारला.

"म्हणजे सुट्टी. सुट्टीत तिकडे करणार काय?"

"पोरगी फिरीन. आन मंधात मंधात काम करीन."

"कसलं काम?"

आई जरा अडली. मयुरीनंच सांगितलं, "संत्री तोडायचं, मावशी. तिकडे मोठाल्या बागा आहेत."

मला हसू आवरेना. यांच्या बागेला कोळशीचा रोग लागलेला, बहार धरला की अर्धी फळं खाली, व्यापारी झाडावरच भाव पाडून घेणारा, बापानं मागच्या वर्षी निम्मी झाडं तोडून जळतणाला विकलेली. हे सगळं तिच्या आईनंच मला आधी सांगितलं होतं. आपली संत्री तोडायला मध्य प्रदेशातून मजूर आणायचे आणि आपली पोर दुसऱ्याची तोडायला विमानानं पाठवायची. त्याला म्हणायचं सुट्टी. गावात मात्र पेढे वाटून झाले होते.

या व्हिसाला तब्येतीची अट आहे आणि आपल्यासारख्या देशातून जाणाऱ्याला छातीचा फोटो चुकत नाही. तो त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडेच काढावा लागतो. पण आईला रंगीत तालीम हवी होती.

मयुरीला मी आत घेतलं. वेणी वर बांधायला लावली, गाऊन दिला. गळा रिकामा. लग्न झालेलं नाही, साखळीही घातलेली नाही. मी म्हटलं, "प्लेटला छाती लाव, हनुवटी वर." तिनं हनुवटी वर केली आणि तिचा उजवा हात आपोआप गळ्याशी गेला, तिथून काहीतरी उचलल्यासारखा ओठांपर्यंत आला आणि थांबला. तिथे काहीच नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हात कमरेवर ठेवला.

कुमारिकेचा हात तसा जात नाही. फोटो काढला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात व्रण होता.

आमचे डॉक्टर मितभाषी. त्यांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि विचारलं, "कधी क्षयाचे उपचार झालेत?"

"नाई," आई म्हणाली. प्रश्न संपायच्या आधी.

"हा जुना, बरा झालेला व्रण दिसतो. घाबरण्यासारखं काही नाही. हा देश बरा झालेला क्षय नाकारत नाही. उपचार पूर्ण केल्याचा कागद दाखवा, फॉर्मवर खरं लिहा. फार तर थोड्या जास्त तपासण्या सांगतील."

"आमच्या खानदानात कोनालेच नाई," आई म्हणाली. "लहानपनी न्यूमोनिया झालता तिले."

मयुरी फरशीकडे बघत होती. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, शांतपणे. आईनं मान डोलावली, साडीचा पदर सारखा केला, आणि त्या दोघी सरळ नेमलेल्या डॉक्टरांकडे गेल्या. तिथे फॉर्मवर 'पूर्वी क्षयरोग झाला आहे का' या प्रश्नासमोर आईनं मुलीकडून 'नाही' लिहून घेतलं. आमच्या डॉक्टरांचं ऐकायचंच नव्हतं, तर आमच्याकडे आल्या कशाला? पण लोक डॉक्टरकडे सल्ल्याला येतात असं ज्याला वाटतं, त्यानं दवाखान्यात नोकरीच केलेली नाही.

पंधरवड्यानं मयुरी एकटीच आली. माझी ड्यूटी सुटायची वाट बघत फाटकापाशी उभी होती. आम्ही शेजारच्या रसवंतीत बसलो.

व्रण तिथेही दिसला होता. त्यांनी विचारलं होतं, हा कशाचा? उपचाराचा पुरावा आणा, आणि 'नाही' का लिहिलं त्याचा खुलासा द्या. नाही दिलात तर खोटी माहिती दिली असं धरू. खोट्या माहितीचा शिक्का बसला की हा व्हिसा तर गेलाच, पुढची दारंही बंद.

"मग पुरावा दे ना. औषधं घेतलीस तर कागद असेलच."

"आहे."

"मग?"

"त्यावर माझं नाव नाही, मावशी."

आणि मग तिनं जे सांगितलं ते ऐकून मी रसाचा ग्लास खाली ठेवला.

मयुरी बारावीला अकोल्यात वसतिगृहात होती. खोकला, ताप, वजन उतरलं. क्षय निघाला. आई धावत अकोल्याला आली आणि तिनं पहिला विचार केला तो पोरीच्या फुप्फुसाचा नव्हे, सोयरिकीचा. उद्या कोणी विचारलं तर? सरकारी दवाखान्यात नाव चढलं तर? अकोल्यातच मयुरीची चुलत बहीण नंदा दिलेली होती, नुकतंच लग्न झालेली. आईनं आपल्या पोरीच्या गळ्यात काळ्या मण्यांची खोटी पोत अडकवली, तिला दवाखान्यात नेलं आणि नाव सांगितलं नंदाचं. पत्ता नंदाच्या सासरचा. तेव्हा आजच्यासारखं आधार कार्ड कोणी मागत नव्हतं, सांगाल ते नाव. आणि नंदाचंच का? तर मयुरीनं आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "तिचं तं लग्न झालंच हाये. तिचं काय बिघडते आता?"

म्हणून तो हात गळ्याशी गेला होता. त्या उपचारात तिचे जितके फोटो निघाले, तितक्या वेळा ती खोटी पोत दातात धरून उभी राहिली होती.

"आणि नंदाला विचारलं होतं?"

"नाही."

"मग तिला कळलं कधी?"

मयुरी रडायला लागली. मला रडणाऱ्या माणसांचा राग येत नाही, उशिरा रडणाऱ्यांचा येतो. तरी मी तिला रडू दिलं.

दिवाळीच्या सुट्टीत मयुरी गावी गेली आणि तिच्या गोळ्या चुकल्या. गोळ्या चुकल्या की आरोग्य कर्मचारी पत्त्यावर चौकशीला येतो. त्याचं कामच ते. तो नंदाच्या सासरी गेला आणि दारातून विचारलं, "नंदा कोन? टीबीच्या गोळ्या काहून बंद केल्या?" गल्ली ऐकत होती. सासू ऐकत होती. नंदा म्हणाली, मला काही झालेलं नाही. चोरही तेच म्हणतो, असं सासू म्हणाली. नंदा माहेरी विचारायला गेली, तेव्हा काकूनं, म्हणजे मयुरीच्या आईनं, तिचे पाय धरले. माझ्या पोरीचं आयुष्य हाये, तू फक्त गप राहा, थोडे दिवस. नंदाला आईबाप नव्हते, याच काकूनं वाढवली होती. ती गप राहिली.

थोडे दिवस अजून संपले नव्हते. आणि इतकं करून मयुरीचं लग्न जमलं होतं का? नव्हतं.

"तू चल माझ्यासोबत, मावशी," मयुरी म्हणाली. "तू अकोल्याची आहेस. मला एकटीला तिच्यासमोर उभं राहवत नाही."

मी नाही म्हणायला हवं होतं. दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत तंत्रज्ञानं पडू नये, असं मीच नव्या पोरींना शिकवत आले. पण त्या घरात काय चाललं आहे ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

नंदाचं घर जुन्या शहरात, दोन खोल्यांचं. नवरा दालमिलमध्ये. घरी सासू आणि नंदा. सासूनं आमचं स्वागत केलं आणि चहा स्वतः टाकायला उठली. नंदा उंबऱ्याशी बसली. भांड्यांच्या मांडणीत सगळ्यात खाली एक ताट, एक वाटी, एक पेला वेगळा ठेवलेला होता, काठावर लाल नेलपेंटचा ठिपका. मी तिकडे बघते आहे हे सासूच्या लक्षात आलं.

"तिचं हाये थे," सासू म्हणाली. "बिमारी होती न तिले. आमी कई काई म्हटलं नाई तिले, पन लेकरू हाये घरात."

लेकरू म्हणजे नंदाचा मुलगा. तो आजीजवळ झोपायचा. आईच्या ताटातला घास त्यानं कधी खाल्लेला नव्हता. हे मला सासूनंच अभिमानानं सांगितलं, आपण किती काळजी घेतो ते कळावं म्हणून. क्षय आणि ताटवाटी यांचा काही संबंध नाही, उपचार सुरू झाल्यावर तर माणूस सोबत राहिला तरी चालतो, हे तिला सांगून उपयोग नव्हता. कारण नंदाला तर क्षयच नव्हता.

सासू मागच्या अंगणात गेल्याबरोबर मयुरीनं नंदाचे हात धरले. व्हिसा, व्रण, कागद, सगळं सांगितलं. "नंदाताई, तुझं नाव मी वापरलं असं लिहून पाहिजे. तुझी सही पाहिजे. नाहीतर माझं सगळं संपलं."

नंदानं हात सोडवून घेतले. आवाज चढवला नाही.

"तुह्यावाला खोकला म्या खोकलली, मयुरी. येवढे वर्स. आता तू जाऊन राहिली संत्रे तोडाले, तं तुले माहं नाव परत द्याचं हाये."

"हो, ताई."

"कागदावर नोको देऊ. कागद तं तुह्या मायनं बी लिवला होता."

मी विचारलं, "मग कसं?"

"माहा फोटो काढा. डॉक्टरनं वाचाचा. आन थ्या वक्ताले माही सासू आन काकू दोघी तिथं उभ्या पाहिजेत. मंग देतो सही."

इतकी साधी, इतकी नेमकी अट मी कोणा शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकली नव्हती. मी आमच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, त्यांनाही दोघींच्या फोटोंची तुलना हवीच होती, खुलाशाला जोडायला. दिवस ठरला.

मयुरीची आई येईना. आधी म्हणाली पाय दुखतो. मग म्हणाली पाहुणे आहेत. मग म्हणाली, फक्त सही घ्या, सासूला कशाला मधे घेता, घरचं घरात राहू द्या. घरचं घरात ठेवण्यात या बाईचा हात कोणी धरला नसता. शेवटी मयुरीनं तिला सांगितलं, तू आली नाहीस तर मी गावातल्या चौकात उभी राहून स्वतः सांगते. तेव्हा आली. या वेळी साडी साधी होती.

नंदाला सासूसोबत बसनं यायला दुपार झाली. सासूला काय आहे ते नीट ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, सुनेचा आजार उलटला. आल्याआल्या तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "पुन्हा निंगाला का वं?"

"बघू," मी म्हटलं.

मी नंदाला आत घेतलं. सासूला दाराशी उभं केलं, फोटोच्या वेळी बाहेर व्हायचं आणि नंतर आत यायचं असं समजावून. गाऊन घालून नंदा प्लेटसमोर आली. मी सवयीनं म्हटलं, "मंगळसूत्र वर ओढ आणि दातात धर."

नंदानं ते दातात धरलं नाही. डोक्यावरून काढलं, दाराशी गेली आणि सासूच्या हातात ठेवलं.

"धरा," ती म्हणाली.

सासूनं हात मागे घ्यायला पाहिलं. बारा वर्षं सुनेच्या हातचा पेला न घेणारी बाई, तिच्या गळ्यातून ऊन ऊन निघालेलं मंगळसूत्र तिच्या ओंजळीत पडलं. खाली टाकता येईना, कारण मंगळसूत्र मुलाच्या नावाचं. ती तशीच दोन्ही हातांत धरून उभी राहिली आणि मी दार लावलं.

"श्वास घे. रोख."

नंदानं श्वास रोखला. "सोड" म्हटल्यावर सोडला. नोकरीच्या शेवटाशी मला एक माणूस भेटलं ज्यानं सूचना नीट ऐकली.

डॉक्टरांनी तीन फिल्म शेजारी शेजारी लावल्या. अकोल्याची जुनी, नंदाच्या नावाची, मयुरीनं उपचाराच्या कागदासोबत ठेवलेली. मयुरीची आताची. आणि नंदाची, अजून ओलसर वाटावी इतकी ताजी. जुन्या फिल्मवर ज्या जागी पांढरं ठिगळ होतं, त्याच जागी मयुरीच्या फिल्मवर व्रण होता. नंदाची दोन्ही फुप्फुसं स्वच्छ होती.

डॉक्टर बोटानं दाखवत म्हणाले, "या बाईंना क्षय झाल्याची कुठलीही खूण इथे नाही. जुना फोटो हिचा आहे, या मुलीचा." मयुरी पुढे झाली आणि म्हणाली, "हो. माझा आहे. मला झाला होता टीबी. नंदाताईला नाही झाला." तिची आई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

सासूला पहिल्यांदा कळेना. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. मग तिनं नंदाला विचारलं, "मंग तू बोलली काहून नाई?"

मी आयुष्यात पुष्कळ मूर्ख प्रश्न ऐकलेत. दवाखान्यात त्यांचा तुटवडा नसतो. पण या प्रश्नानं माझं डोकं सणकलं. मी काही बोलणार, तेवढ्यात नंदाच म्हणाली, "बोलली होती. पैल्याच दिवशी. तुमी म्हटलं चोर बी तेच म्हनते."

सासू जवळ आली. तिनं मंगळसूत्र पुढे केलं. नंदानं ते लगेच घेतलं नाही. आधी सही केली, मग गाऊन बदलला, केस सारखे केले आणि मग घेतलं. तोवर सासू धरून उभी होती. मयुरीची आई शेवटी एवढंच म्हणाली, "झालं गेलं गंगेले मिळालं." तिला असं वाटतं की गंगा तिच्यासाठी रिकामीच बसली आहे.

पुढचं थोडक्यात. मयुरीला खुलासा, प्रतिज्ञापत्र, कागद सगळं द्यावं लागलं. तरी त्यांनी थुंकीच्या तपासण्या सांगितल्याच, आणि त्यांचा निकाल यायला आठवडेच्या आठवडे लागतात. पहिल्यांदाच खरं लिहिलं असतं तर तो वेळ तरी वाचला असता. सोडतीत नंबर लागलेल्या बाकीच्या पोरी जाऊन फोटो टाकू लागल्या, तोवर ही अमरावतीतच होती. गावात आई सांगत होती, "कागदाची गडबड झाली तिकडच्या हापिसात." शेवटी तपासण्या स्वच्छ आल्या आणि व्हिसा मिळाला. गेली.

तिकडून तिचा एकदा फोन आला. संत्र्यांचा हंगाम तिच्या हातून गेला होता, द्राक्षाच्या बागेत छाटणी करत होती. म्हणाली, "मावशी, इथे कामावर घेताना पण तब्येतीचं विचारलं. मी सांगितलं, मला टीबी झाला होता, बरा झाला."

"मग?"

"मग काही नाही. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला."

एवढ्यासाठी एका बाईचं ताट वेगळं केलं होतं. मी फोन ठेवला आणि बराच वेळ माझी मीच चडफडत बसले.

नंदा सही करून निघाली होती, तेव्हा मी तिला विचारलं होतं, रिपोर्टचा कागद देऊ का? ती म्हणाली, "कागद राहू द्या तुमच्यापाशी. मले फोटो द्या, मोठावाला." मी तिला पाकिटात घालून फिल्म दिली. पाकीट तिनं बाकावरच ठेवलं आणि फिल्म उघडी हातात धरून बसस्टँडकडे गेली. सासू मागून चालत होती.

निवृत्त झाल्यावर मी अकोल्याला भाच्याकडे गेले, तेव्हा मुद्दाम तिच्या गल्लीतून गेले. लांबूनच दिसलं. रस्त्याकडच्या खिडकीला तिनं ती फिल्म चारी कोपऱ्यांना खिळे ठोकून लावली होती. मागे खोलीत दिवा लागला होता आणि बरगड्या, हृदय, दोन्ही फुप्फुसं गल्लीभर दिसत होती. उघड्या दारातून आत खिडकीखाली नंदा आणि तिचा मुलगा एकाच ताटात जेवत बसलेले दिसले. ताटाच्या काठावर तो लाल ठिपका तसाच होता.

सासू मला बघून बाहेर आली. आवाज अगदी खाली.

"तुमी सांगा न तिले, बाई. आता समजलं न आमाले. लोकं इचारतात, खिडकीत काय लावलं म्हनून. उतरव म्हना आता."

मी काही बोलायच्या आत नंदानं आतून सांगितलं, घास चावता चावता.

"जितके वर्स ताट अलग होतं, तितके वर्स फोटो राहीन."